लॉकआउटचा स्नो की नो एस्केपचा रॉबिन्स?

भविष्यातला तुरुंग आणि त्यात अडकलेला एखादा खमक्या, पण धड सज्जनही नसलेला गडी. असा सिनेमा एका रात्रीपुरता निवडायचा असेल, तर माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: २०१२च्या ‘लॉकआउट’मधला स्नो आणि १९९४च्या ‘नो एस्केप’मधला रॉबिन्स. ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’च्या स्नेक प्लिस्किनला मी बाजूला ठेवतो. त्याला मान भरपूर मिळालाय. ‘लॉकआउट’ तर त्याच्या इतक्या जवळून चालतो, की ‘न्यूयॉर्क’चा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर फ्रान्सच्या कोर्टात गेला आणि जिंकलाही.

आधी स्नो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या तुरुंगात सुमारे ५०० कैदी झोपवून ठेवलेले. त्यांचे हाल होत नाहीत ना, हे बघायला राष्ट्राध्यक्षांची मुलगी तिथं जाते, कैदी जागे होतात आणि तिला सोडवायला स्नोला वर पाठवतात. सिनेमा कुठं रेंगाळत नाही. दिवसभराच्या कामानं डोकं शिणलं असेल तर बघायला बरा आहे. मोटारसायकलचा पाठलाग व्हिडिओ गेमसारखा दिसतो, पण तेवढं मी चालवून घेतलं.

मला चाललं नाही ते स्नोचं बोलणं. सुरुवातीला त्याची चौकशी होते. प्रत्येक प्रश्नाला टोमणा आणि प्रत्येक टोमण्याला ठोसा. गाय पीअर्स कसलेला नट आहे, तो प्रसंग मलाही लई आवडला. पण पुढं वर गेल्यावर, शेकडो खुनी मोकाट सुटलेले असताना, गळ्याशी आलं तरी याचं तेच चालू. आमच्याकडं नांदेडला सगळे खालच्या ओळी वाचत सिनेमा बघतात. स्नो बोलत राहतो, म्हणून नजर सतत पडद्याच्या तळाशी. टोमणा वाचून डोळे वर करावेत तोवर मारामारी झालेली असते. शिवाय ज्याला स्वतःलाच कशाची भीती वाटत नाही, त्याच्यासाठी आपण तरी जीव मुठीत का धरायचा? कुणाला हे खटकणार नाही, मान्य आहे. मला मात्र दुसऱ्यांदा बघतानाही तेच जाणवलं.

रॉबिन्स कमी बोलतो. रे लायोटाचे ते फिकट डोळेच निम्मं काम करतात. हा लष्करातला कॅप्टन. निरपराध नागरिकांना मारायचा हुकूम झाला म्हणून त्यानं आपल्या वरिष्ठालाच मारलेलं. त्याची रवानगी अ‍ॅब्सोलोम नावाच्या बेटावर होते. भिंती नाहीत, पहारेकरी नाहीत. भोवती समुद्र आणि आत दोन टोळ्या. मारेकची टोळी लुटून जगते. दुसरी वस्ती ‘फादर’ म्हणवणाऱ्या एका म्हाताऱ्याची, जिथं कैदी शेती करतात, कुंपण घालतात, आपले नियम आपणच पाळतात.

ही वस्ती आपल्याकडच्या प्रेक्षकाला कदाचित जास्त कळेल. जायकवाडीच्या बाजूला पैठणचं खुलं कारागृह आहे, तिथं कैदी शेती करतात हे आपल्याला नवं नाही. माणसाला हातात काम आणि पायाखाली जमीन दिली की त्याचं काय होतं, हाच प्रश्न या सिनेमाच्या पोटात आहे. रॉबिन्सला मात्र त्या वस्तीशी घेणंदेणं नसतं. त्याला फक्त निसटायचंय. तो मदत नाकारतो, लोकांना तोडून बोलतो, आणि आपल्याला त्याचा रागही येतो. मग तो थोडा थोडा गुंतत जातो, तेही भाषण न ठोकता. केसी नावाचं पोरगं त्याच्या मागं मागं फिरतं, त्या दोघांचं पुढं काय होतं ते सांगत नाही. मला तरी स्नोच्या अख्ख्या सिनेमात त्या तोडीचा एक प्रसंग सापडला नाही.

उणिवा आहेत. मारेक अधूनमधून नाटकी होतो, मधला भाग लांबलाय. पण घरी ‘लॉकआउट’ चालू असताना लाईट गेली, ती आल्यावर पुढचं लावायला कुणी सांगितलं नाही. ‘नो एस्केप’च्या वेळी गेली, तर मोठे भाऊ अंधारात बसून राहिले आणि वहिनींनी दोनदा विचारलं, त्या पोराचं काय झालं म्हणून.

लायोटा म्हटलं की लोकांना ‘गुडफेलाज’ आठवतो, आणि ते रास्तच आहे. २०२२ साली तो गेला. ‘नो एस्केप’ची गोष्टही २०२२ सालातच घडते. रॉबिन्सचं नाव मात्र मी क्वचितच कुणाच्या तोंडून ऐकलं.

दीड तासात हसतखेळत उठायचं असेल तर स्नो लावा, वाईट वाटणार नाही. दोन तास हाताशी असतील तर रॉबिन्स. फक्त लेकरं झोपल्यावर लावा, कापाकापी बरीच आहे.