आल्प्समधलं हॉटेल खरं, बुकिंग खरं, ‘कार्ड पडताळणी’ मात्र खोटी

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, झरमॅट इथली हॉटेलं बुक करणाऱ्या आपल्या मंडळींना फसवण्याचा सध्याचा हमखास प्रकार असा. बुकिंग होतं, कन्फर्मेशनची प्रत व्हिसाच्या फायलीत लागते आणि काही आठवड्यांनी बुकिंग अॅपच्याच इनबॉक्समध्ये हॉटेलकडून मेसेज येतो: ‘तुमच्या कार्डची पडताळणी झालेली नाही. 12 तासांत खालच्या लिंकवर ती पूर्ण करा, अन्यथा बुकिंग रद्द होईल. कापलेली रक्कम लगेच परत केली जाईल.’ नाव, तारखा, खोलीचा प्रकार, फ्रँकमधली रक्कम, सगळं बिनचूक. चेक-इनच्या वेळेबद्दल तुम्ही हॉटेलशी आधी जे बोललात तेही त्याच खिडकीत वर दिसत असतं. त्यामुळे संशय घ्यायला जागाच उरत नाही.

इथे तुमचं खातं फुटलेलं नसतं, फुटलेलं असतं हॉटेलचं. रिसेप्शनला पाहुण्याच्या तक्रारीचा म्हणून एक मेल जातो. त्यातली लिंक उघडली की ‘मी रोबो नाही’ची चौकट येते आणि ती सांगते, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या पानाने क्लिपबोर्डवर आधीच एक कमांड ठेवलेली असते. ती चालली की ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज (आधीच लॉग-इन झाल्याच्या ब्राउझरमधल्या खुणा) चोराकडे जातात. चालू सेशनची कुकी हाती आली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही विचारले जात नाहीत. सिझनमध्ये चार माणसांवर चालणाऱ्या डोंगरातल्या घरगुती हॉटेलात हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत सगळ्या पाहुण्यांना मेसेज गेलेले असतात.

भारतातून जाणारा यात जास्त सापडतो, त्याला कारण आहे. शेंगेन (स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपर्यंत करता येतो, म्हणून खोल्या लवकर घेतल्या जातात आणि त्याही ‘मोफत रद्द’ प्रकारातल्या. कार्डाचा नंबर दिलेला असतो, पैसे कापलेले नसतात. अशा वेळी ‘पडताळणी राहिली’ हे वाक्य सहज पटतं. शिवाय बुकिंग रद्द झालं तर व्हिसाचं काय, ही धास्ती असतेच. 12 तासांची मुदत बरोबर त्या धास्तीवर बोट ठेवते.

आता ती लिंक. वेब डेव्हलपरही इथे घसरतात, कारण मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो. लिंक दाबून धरा, कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा आणि पूर्ण बघा. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येईल, तिच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचं ‘डॉट कॉम’ आणि त्याला लागून असलेला शब्द, पत्त्याचा मालक तेवढ्यावरूनच ठरतो. त्याच्या डावीकडे कंपनीचं नाव कितीही वेळा लिहिता येतं, फुकट. ‘कंपनी डॉट गेस्ट-व्हेरिफाय डॉट कॉम’ ही गेस्ट-व्हेरिफायची जागा आहे, कंपनीची नव्हे. हायफननेही तेच होतं: ‘कंपनी-पेमेंट डॉट कॉम’ हे पूर्ण वेगळं डोमेन, कुणीही विकत घ्यावं. कुलपाच्या चिन्हाचा उपयोग शून्य. हे कुलूप दाखवणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट चोरालाही काही मिनिटांत मोफत मिळतं आणि ते फक्त मधला रस्ता कूटबद्ध आहे एवढंच सांगतं. डोमेन केव्हा नोंदवलं ते डोमेन-नावांचं काम पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअपवर (शोधपानावर) दिसतं. जुन्या कंपनीच्या नावाचं डोमेन गेल्या आठवड्यातलं निघालं तर पुढे बघायची गरज नाही. आणि पासवर्ड मॅनेजर नेहमीचं लॉग-इन स्वतःहून भरत नसेल तर हाताने भरू नका. तो डोमेन ताडून बघतो, आपण लोगो बघतो.

ही पानं हाताने बनवलेली नसतात. स्लोव्हाकियातल्या इसेट या सुरक्षा कंपनीने 2023 मध्ये खोटी पानं बनवणाऱ्या टेलेकोपी नावाच्या तयार संचाचं वर्णन केलं. टेलेग्रामच्या बॉटला माहिती द्यायची, पान तयार. जुन्या वस्तूंच्या विक्रीतल्या फसवणुकीसाठी बनलेला हा संच पुढे हॉटेल बुकिंगकडे वळला. जुनी लेन्स विकणाऱ्या फोटोग्राफरांना त्याचा मूळ अवतार माहीत असेल: ‘पैसे भरलेत, ते घेण्यासाठी या लिंकवर कार्ड नंबर टाका.’ पैसे घ्यायला सीव्हीव्ही लागत नाही, मग विचारणारा कुणीही असो.

कार्डाच्या बाबतीत आपला एक गैरसमज आहे. देशात ओटीपीची सवय असल्यामुळे ‘ओटीपी दिलाच नाही तर काय जाणार?’ असं वाटतं. परदेशी व्यापाऱ्याकडे नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरही रक्कम कापली जाऊ शकते. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहारांचे खटके असतात (रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकाने ते बंधनकारक झाले): ऑनलाइन, दुकानातलं मशिन, एटीएम. ऑनलाइनचा खटका बंद ठेवा, स्विस रेल्वेचं तिकीट काढण्यापुरता उघडा. ओटीपी आलाच तर आधी त्या एसेमेसमधलं व्यापाऱ्याचं नाव आणि चलन वाचा. हॉटेलऐवजी पैसे पाठवणारी सेवा किंवा क्रिप्टोचं दुकान दिसलं तर तिथेच थांबा.

मेसेजची खातरजमा मेसेजला उत्तर देऊन होत नाही, कारण पलीकडे चोरच बसलाय. हॉटेलचा +41 ने सुरू होणारा नंबर गावाच्या पर्यटन कार्यालयाच्या यादीतून घ्या आणि फोन करा. आपले दुपारचे साडेबारा म्हणजे उन्हाळ्यात तिथले सकाळचे 9. हिवाळ्यात दीड वाजता. नोव्हेंबरात बरीच हॉटेलं बंद असतात, फोन उचलला जात नाही. तेव्हा बुकिंग कंपनीच्या ग्राहकसेवेला अॅपमधल्या मदत विभागातून गाठा. मेसेजमधला नंबर नको.

थेट मालकाकडून शॅले (डोंगरातलं लाकडी घर) भाड्याने घेत असाल तर धोका वेगळा, अख्खं घरच खोटं असतं. तिथे फोटो काढणाऱ्यांची नजर कामी येते. झरमॅट, वेंगेन आणि म्युरेन या गावांत पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेश नाही. झरमॅटला जाणारे गाडी टेशला ठेवतात, वेंगेनवाले लाउटरब्रुनेनला. ‘दारात मोफत पार्किंग’ लिहिणाऱ्याने गाव पाहिलेलंच नाही. चोरलेला फोटो इमेज-सर्चमध्ये सापडू नये म्हणून तो आरशातल्यासारखा उलटा करतात. झरमॅटमधून मॅटरहॉर्न शिखराची पूर्वेची बाजू डावीकडे आणि उत्तरेची उजवीकडे दिसते, म्हणजे पहाटेचं ऊन डाव्या बाजूवर हवं. ते उजवीकडे असेल तर फोटो उलटा आहे. स्विसटोपो या सरकारी नकाशा कार्यालयाच्या मोफत नकाशावर एकेक इमारत दिसते. दिलेल्या पत्त्यावर घर आहे का, बाल्कनी कुठल्या दिशेला उघडते, हे तिथे जुळवून बघा. आयबॅनची (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाची) पहिली दोन अक्षरं देश सांगतात. ग्रिंडेलवाल्डच्या घराचं खातं लिथुआनियात कशाला, हे विचारा. आणि पैसे बँक ट्रान्सफरनेच मागत असेल तर सोडून द्या. कार्डावर चार्जबॅकचा (बँकेमार्फत रक्कम परत मागण्याचा) दावा तरी लावता येतो, ट्रान्सफर सहसा परत येत नाही.

माहिती भरून झालीच असेल तर आधी अॅपमधून कार्ड ब्लॉक करा, मग बँकेला फोन. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांत चूक तिऱ्हाइताची असेल आणि 3 कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. पण माहिती तुम्हीच दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि त्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून घ्या. भारतात असाल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. परदेशातून 1930 लागेल या भरवशावर राहू नका, बँकेचा +91 वाला नंबर निघण्याआधीच सेव्ह करा. स्वित्झर्लंडमध्ये अशी लिंक संघीय सायबरसुरक्षा कार्यालयाला ऑनलाइन कळवता येते. मेसेज पुसू नका, पूर्ण लिंकसह स्क्रीनशॉट ठेवा. मूळ बुकिंग बहुधा शाबूत असतं, घाबरून तुम्हीच ते रद्द करू नका. हॉटेलला मात्र फोनवर सांगा, म्हणजे ते पासवर्ड बदलतील, चालू असलेली सगळी सेशन्स बंद करतील आणि बाकीच्या पाहुण्यांना कळवतील.