दौलताबादच्या किल्ल्यात ‘तुघलक’: एका वाचन-सहलीविषयी

छत्रपती संभाजीनगरातील काही नाट्यप्रेमी मंडळी हिवाळ्यात दौलताबादच्या किल्ल्यावर वाचन-सहल काढतात. गिरीश कर्नाड यांच्या ‘तुघलक’ नाटकातील निवडक प्रवेश विजय तेंडुलकरांच्या मराठी अनुवादातून किल्ल्यात ठिकठिकाणी बसून वाचले जातात, आणि मधल्या चालीत निवेदक इतिहास सांगतो. शुल्कात शहरातून जाण्यायेण्याची गाडी व नाश्ता धरलेला असतो. किल्ल्याचे तिकीट ज्याचे त्याने काढायचे. ध्वनिवर्धक नसल्याने मागे बसणाऱ्यांना कान टवकारावे लागतात.

नाटकाची निवड अचूक आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, हलवण्याचा घाट घातला, पुढे तांब्याची नाणी चांदीच्या मोलाने चालवू पाहिली, आणि दोन्ही बेत अंगाशी आले, हे आपण शाळेतच वाचलेले असते. कर्नाडांनी १९६४ मध्ये हा विषय कन्नडात हाताळला, तेव्हा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांतील स्वप्नांची पडझड त्यांच्यासमोर होती, आणि हे साम्य त्यांनी पुढे बोलूनही दाखवले. नाटकात मात्र नेहरूंकडे साधा निर्देशही नाही. त्यामुळे १९७४ मध्ये इब्राहिम अल्काझी यांनी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात त्याचा प्रयोग केला, तेव्हाच्या प्रेक्षकाला आपल्या काळाचा राज्यकर्ता त्यात शोधण्याची पूर्ण मोकळीक होती.

नेमकी हीच मोकळीक निवेदक हिरावून घेतो. अझीझ हा धोबी ब्राह्मणाचे सोंग घेऊन सुलतानाविरुद्धच दावा जिंकतो तो प्रवेश महाकोटात, म्हणजे किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीच्या आत, वाचला गेला, आणि श्रोत्यांत आपसूक खसखस पिकली. सरकारी योजनेतली फट सर्वांआधी हेरणारा माणूस कोणत्या गावात नसतो? ‘बोगस लाभार्थी’ हा शब्द आपल्याकडे तलाठ्यापासून शेतमजुरापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. पण हसू ओसरण्याआधीच निवेदकाने आजच्या एका नेत्याचे नाव घेऊन, त्याचा कोणता निर्णय म्हणजे कोणते नाणे, असा हिशेब मांडला. निम्मे श्रोते सुखावले, निम्मे गप्प झाले, आणि पुढचा प्रवेश नाटक म्हणून कोणी ऐकलाच नाही. आडून बोलण्यात जी धार होती, ती उघड नामोल्लेखाने बोथट झाली.

त्याहून गंभीर उणीव अशी की, निवेदनात बखर कुठे संपते आणि कल्पित कुठे सुरू होते हे कळत नाही. बरनी हा तुघलकाच्या दरबारातला खरा इतिहासकार असून नाटकात तो पात्र म्हणूनही येतो. अझीझ मात्र नाटककाराने रचलेला आहे. निवेदक दोघांचेही दाखले एकाच सुरात देत होता. येथून जवळच असलेल्या खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून २०२५ मध्ये राज्यभर पेटलेला वाद एका ऐतिहासिक चित्रपटाच्या पाठोपाठ उसळला होता. तेव्हा या परिसरात इतिहास आणि रचलेली गोष्ट यांची सरमिसळ करणे परवडणारे नाही.

सहलीचा सर्वांत सरस भाग अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेच्या, तोंडाशी आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरील तरुण आणि म्हातारा यांचा संवाद तेथे वाचला जातो, आणि वटवाघळांचा उग्र दर्प व आतला काळोख यांमुळे त्या ओळींना वेगळ्या नेपथ्याची गरज उरत नाही. येथेच बसल्या बसल्या जाणवले की, या नाटकात दौलताबाद म्हणजे दिल्लीकरांच्या वाट्याला आलेली शिक्षा आहे. देवगिरीत आधीपासून राहणाऱ्यांना काय वाटले, हे त्यात कोणी विचारत नाही. दिल्लीतल्या प्रेक्षकाला ही उणीव खटकण्याचे कारण नाही, मराठवाड्यातल्या श्रोत्याला ती खटकायला हवी. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात, २०२३ मध्ये, राज्याचे मंत्रिमंडळ एक दिवस छत्रपती संभाजीनगरात बैठकीला आले, हजारो कोटींच्या घोषणा झाल्या आणि मंत्रिमंडळ मुंबईला परतले. निवेदकाला साम्यच दाखवायचे होते, तर ते येथे शोधता आले असते. या मुद्द्याकडे तो फिरकलाही नाही.

वाचक मंडळी तयारीची आहेत. विशेषतः म्हाताऱ्याचे संवाद वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज तर दीर्घकाळ स्मरणात राहावा असा आहे. वाचन अंधारीपाशीच संपते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना वरच्या बारादरीच्या इमारतीपर्यंत चढण्याची सक्ती नाही. पण पायात चांगली पकड असलेले बूट हवेत, आणि नाटक आधी वाचून आल्यास अधिक पदरात पडते. आयोजकांनी निवेदन निम्म्याने कमी करावे आणि त्याऐवजी एक छापील टिपण हाती द्यावे, ज्यात बरनीने लिहिलेले एका बाजूला आणि कर्नाडांनी रचलेले दुसऱ्या बाजूला असेल.