वजनदार पांघरूण की जोर लावायची कामं?

मूल बेचैन झालं की शरीरावर पडणारा खोल दाब त्याला सावरायला मदत करू शकतो. तो दाब मिळवण्याचे दोन मार्ग पालकांना नेहमी सुचवले जातात.

वजनदार पांघरूण, म्हणजे आत बारीक मणी वगैरे भरून मुद्दाम जड केलेलं पांघरूण, सोपं वाटतं: विकत आणा, अंगावर घाला. काही मुलांना ते मनापासून आवडतंही. पण झोपेबाबत फार आशा ठेवू नका. २०१४ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची झोप त्याने वाढली नाही, तरीही मुलांनी आणि पालकांनी साध्या पांघरुणापेक्षा तेच पसंत केलं. तान्ह्या बाळाला ते कधीही घालू नये, आणि ज्या मुलाला ते स्वतःहून बाजूला सारता येत नाही त्यालाही नाही. याबाबत तडजोड नको.

दुसरा मार्ग म्हणजे भिंत ढकलणं, पुस्तकांची पिशवी उचलणं, दोरी ओढणं, उशांच्या ढिगात उड्या मारणं. इथे स्नायू आणि सांधे स्वतः काम करतात, दाब किती हवा ते मूल ठरवतं. मला हाच मार्ग आधी करून पाहावासा वाटतो. विशेषतः गोंगाटाच्या ठिकाणी जाण्यापूर्वी किंवा अभ्यासाला बसण्याआधी. मात्र मूल आधीच रडून कोसळलं असेल तर त्याला कामं सांगू नका. तेव्हा दिवे मंद करा, बोलणं कमी करा, आणि त्याला चालत असेल तरच घट्ट मिठी मारा.

त्रास रोजचाच असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा.