स्पोर्टिंग क्लेसाठी ओव्हर-अंडर की सेमी-ऑटो?

स्पोर्टिंग क्ले म्हणजे यंत्राने सोडलेल्या चकत्या शॉटगनने फोडायचा खेळ. इकडे अमेरिकेत क्लबमध्ये नवीन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून लिहितोय. ओव्हर-अंडर म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक, सेमी-ऑटो म्हणजे एका नळीची, झाडली की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी. माझं मत आधीच सांगतो, सुरुवात सेमी-ऑटोनेच करा. बारूद जळून होणाऱ्या गॅसवर चालणारी 12 गेज (गेज म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) सेमी-ऑटो खांद्याला खूप कमी धक्का देते आणि 100 टार्गेटचा राऊंड असला की शेवटच्या स्टेशनांवर (उभं राहून नेम धरायच्या जागांवर) तो फरक चांगलाच जाणवतो, खांदा दुखायला लागला की माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच दचकतो आणि मग टार्गेट हमखास हुकतं. किंमतही बरीच कमी पडते.

पण ओव्हर-अंडरची खरी मजा चोकमध्ये आहे, म्हणजे नळीच्या तोंडाशी छर्रे किती पसरतील ते ठरवणाऱ्या अरुंद भागात. समजा पहिलं टार्गेट रॅबिट, म्हणजे जमिनीवरून उड्या मारत जवळून पळणारं, आणि त्या गोळीच्या आवाजावर सुटणारं दुसरं लांबवर आडवं जाणारं, तर एका नळीत जवळच्यासाठी मोकळा चोक, दुसरीत लांबच्यासाठी घट्ट, आणि कुठली नळी आधी उडवायची ते सिलेक्टरने ठरवायचं. सेमी-ऑटोत नळीच एक, त्यामुळे दोन्हीसाठी एकच चोक, मधला काहीतरी निवडावा लागतो.

सेफ्टीत पण ओव्हर-अंडर पुढे, मोडून, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडून, हातावर घेतली की ती रिकामी आहे हे लांबूनही सगळ्यांना दिसतं. सेमी-ऑटोचा बोल्ट (काडतूस आत बंद करणारा सरकता भाग) उघडा ठेवला तरी जवळ येऊन बघावं लागतं. शिवाय सेमी-ऑटो रिकामी काडतुसं बाजूला फेकते, ती रीलोड करणाऱ्यांना, म्हणजे पुन्हा भरून वापरणाऱ्यांना, गवतात शोधत बसावं लागतं, आणि साफसफाईचा कंटाळा असेल तर सेमी-ऑटो घेऊच नका, गॅसचा भाग काजळीने भरतो.

कुठलीही घ्या, आधी क्लबमधून भाड्याने घेऊन खांद्याला लावून बघा.