उशाशी ठेवायला कोणते पवित्र शास्त्र घ्यावे?

घरात कुणी अखेरच्या आजाराने अंथरुणाला खिळले की ख्रिस्ती घरातला माणूस पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढून बसतो. लग्नात मिळालेली भारदस्त प्रत आजाऱ्याच्या हाताला पेलत नाही. मोबाइलवरून वाचावे, तर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ या तेविसाव्या स्तोत्राच्या ऐन मध्यावर बँकेच्या कर्जाचा फोन येतो. पुण्यात ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत साधारण चार प्रकार मिळतात: मोठ्या अक्षरातले संपूर्ण शास्त्र, ‘नवा करार व स्तोत्रसंहिता’ असे जोडपुस्तक (शास्त्राचा येशूपासूनचा भाग आणि स्तोत्रे एकत्र), सोप्या मराठीतली आवृत्ती आणि वचनांच्या पुस्तिका. इथे त्यांची पारख एकाच कामासाठी केली आहे. मरणाची धास्ती घेतलेल्या माणसाजवळ बसून मोठ्याने वाचायला यातले कोणते चालते?

जुन्या आवृत्तीतले, म्हणजे दुकानदार ज्याला ‘आर.व्ही.’ (रिव्हाइज्ड व्हर्जन) म्हणतात त्यातले जोडपुस्तक मोठ्या अक्षरात मिळाले, तर दुसरे काही बघू नका. अशा वेळी जे वाचले जाते त्यातले बहुतेक त्यात येते आणि वजन निम्म्याहून कमी. दुकानात उभ्या उभ्याच प्रत एका हाताने छातीशी धरा आणि मिनिटभर थांबा. तुमचे मनगट भरून आले तर सलाइन लावलेल्या हाताचे काय होणार?

मुखपृष्ठावरच्या ‘मोठे अक्षर’ या शब्दांवर विसंबू नका. स्तोत्र २३, वचन ४ उघडा आणि ‘मृत्युच्छायेच्या’ हा शब्द हातभर अंतरावरून वाचा. त्यातला ‘च्छा’ नुसता काळा ठिपका दिसला तर प्रत परत ठेवा. सोळा पॉइंटच्या खालचे अक्षर मोतीबिंदूच्या डोळ्याला उपयोगाचे नाही. शास्त्राचा कागद पातळ असतो, पाठीमागचा मजकूर पुढे उमटतो, आणि वॉर्डात रात्री दिवा एकच असतो, तोही कोपऱ्यात. म्हणून पानाची मागची बाजू उजेडाकडे धरून बघावे. चेनचे कव्हर नको. पहाटे तीनला डोळा लागलेल्या माणसाजवळ ती चेन कशी वाजते, हे ऐकणाऱ्यालाच कळते.

जुनी भाषा की सोपी, यावर लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. साठीच्या पुढच्या मंडळींना संडेस्कूलात जुनीच पाठ झालेली असते. बोलणे बंद झालेल्या माणसाचे ओठ त्या ओळींना हलतात, नव्या ओळींना हलत नाहीत. आजारी तरुण असेल, किंवा ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले जावई-सुना असतील, तर सोपी आवृत्ती बेलाशक घ्या. ‘मृत्युच्छाया’ ज्या हिब्रू शब्दासाठी आहे त्याचा अर्थ अभ्यासक ‘दाट काळोख’ असाही लावतात, तेव्हा काळोख म्हटल्याने काही बिघडत नाही. पंडिता रमाबाईंचे भाषांतर ही वेगळीच चीज. मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकटीने केलेले, केडगावच्या मुक्ती मिशनने १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध केलेले. पण सवय नसेल तर आजाऱ्यापुढे ते पहिल्यांदाच उघडू नये, वाचणारा अडखळतो.

कॅथलिक घरांसाठी दोन गोष्टी. प्रोटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांच्या प्रतीत शलमोनाच्या नावाने ओळखला जाणारा ज्ञानग्रंथ नसतो, आणि नीतिमानांचे जीव देवाच्या हाती असल्याचे त्याच्या तिसऱ्या अध्यायातले वचन दफनविधीत नेहमी वाचतात. त्यामुळे ७३ पुस्तकांचीच प्रत घ्या. शिवाय जुन्या प्रार्थनापुस्तकांत बहुतेक स्तोत्रांचे आकडे एकाने मागे असतात, तिथे तेविसावे बाविसावे म्हणून सापडते. हे ठाऊक नसले की ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असे सुरू होणारे स्तोत्र भलत्याच वेळी निघते.

वचनांच्या पुस्तिका स्वस्त, खिशात मावणाऱ्या, आणि या कामाला सगळ्यात कच्च्या. त्यांत गोड तेवढेच निवडलेले असते. स्तोत्र ९१ घ्या: दहा हजार पडले तरी तुला काही होणार नाही आणि शेवटी दीर्घायुष्याचे वचन. ज्याला डॉक्टरांनी महिना सांगितला आहे त्याने हे ऐकून काय समजावे? विश्वास कमी पडला, एवढेच. रानात सैतानाने येशूला भुलवायला हेच स्तोत्र वापरले होते, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. पुस्तिकेत ते कुठून असणार. स्तोत्र ९० सुंदर आहे, पण दहाव्या वचनात आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षे असा हिशेब आहे. ब्याऐंशीच्या आजींपुढे तेवढे वचन गाळा.

मरणाची भीती वाटणे म्हणजे विश्वासाला तडा, असे नव्हे. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः मरणप्राय कासावीस होतो. योहान ११ मध्ये, मित्र लाजर मेल्यावर, पंचविसाव्या वचनात तो ‘पुनरुत्थान मीच आहे’ म्हणतो आणि पस्तिसाव्यात रडतो. इब्री २:१५ तर मरणाच्या भयाला आयुष्यभराचे दास्य म्हणते. दासाला ‘घाबरू नकोस’ असे दरडावून काय होणार, त्याला सोडवायलाच कुणीतरी लागते. म्हणून सुरुवात धीराच्या वचनांनी न करता तक्रारीने करावी. स्तोत्र ८८ काळोखातच संपते, तरी बोलणे देवाशीच चाललेले असते. आजाऱ्याच्या मनातले कुणीतरी आधीच बोलून ठेवलेले असते. मग १३०, आठच वचनांचे, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याचे. रात्री तेच बरे. त्यानंतर २३. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळ ‘तो’ असतो, मृत्युच्छायेची दरी आली की ‘तू’ होतो. त्या ‘तू’पाशी थांबून श्वास घ्या. बहुतेक जण तिथूनच घाईने पुढे जातात.

स्तोत्रांवरचे ‘मुख्य गवयासाठी’ हे मथळे आणि मधला ‘सेला’ (बहुधा गायनातली खूण) मोठ्याने वाचू नका. एका बैठकीला दहा मिनिटे पुष्कळ झाली. आवाज नेहमीचाच ठेवा, उपदेशाचा नको. आजाऱ्याला शुद्ध नसली तरी वाचन थांबवू नये, मात्र मधेच डॉक्टरांविषयी कुजबुज नको. ऐकू जात असेल तर तीही जाते.

प्रतीला सहसा फीत एकच असते. रंगीत लोकरीचे चार धागे घाला: ८८, १३०, योहान १४, रोम ८. तेविसाव्याला फीत. धाग्याचे टोक बोटभर बाहेर राहू द्या, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरलाही पान सापडते.

काही घरांत वापरातली प्रत शवपेटीत ठेवतात. ठेवायचीच असेल तर खिशातला छोटा नवा करार ठेवा. उशाशी होती ती कपाटात जाऊ द्या, धाग्यांसकट.