दादरच्या ऑफिसात आठ थिन क्लायंट: सात महिन्यांनंतर

अकाउंटिंगचं ऑफिस. आठ टेबलांवर डेल वाइज ५०७० हे थिन क्लायंट, म्हणजे फक्त पडदा दाखवणाऱ्या छोट्या पेट्या. खरं काम चालतं मागच्या एका विंडोज सर्व्हरवर. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल एवढं काम असेल तर पीसी नाही हे बसणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही. व्हिडिओ लागला की मात्र लगेच जाणवतं.

पेट्या लॅमिंग्टन रोडच्या, सेकंडहँड. सेलेरॉन जे४१०५, पंखा नाही, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही. घेताना दुकानातच चालू करून बायोस (पेटीची मूळ सेटिंग्ज) उघडून बघा. वाइजचा मूळ पासवर्ड फायरपोर्ट (Fireport), पहिलं अक्षर कॅपिटल. तो लागला नाही तर पेटी घेऊ नका. एसएसडी डिस्क एम.२ साटा प्रकारचीच टाका, एनव्हीएमई प्रकारची पेटी ओळखत नाही. वर डेबियन लिनक्स आणि सर्व्हरला जोडणारं रेमिना पुरे.

पैसा खरा जातो सर्व्हरला. टॅली हलकं आहे, मेमरी खातो तो क्रोम. माणशी ३ जीबी धरा, आठ जणांचे २४, विंडोजसकट ३२. मग लायसन्स, आणि फसगत इथेच होते. पेटीवरून सर्व्हर वापरू देणारी रिमोट डेस्कटॉप सेवा कॅलशिवाय (कॅल म्हणजे माणशी किंवा पेटीमागे घ्यायचं लायसन्स) १२० दिवस चालते, म्हणून कॅल टाळले जातात. मुदत संपली की एका सकाळी अ‍ॅडमिन सोडून कुणालाच आत जाता येत नाही. सर्व्हरचे साधे कॅल वेगळे, रिमोट डेस्कटॉपचे वेगळे. दोन्ही पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.

सगळ्यात जास्त डोकेदुखी डीएससी टोकनची, म्हणजे डिजिटल सहीच्या यूएसबी किल्लीची. टोकन सर्व्हरला लावलं तर रिमोट सेशनला (पेटीवरून सर्व्हरवर उघडलेल्या कामाला) ते दिसतच नाही. ते आपल्या टेबलावरच्या पेटीला लावायचं, तिच्यात पीसीएससीडी (स्मार्ट कार्ड वाचणारी सेवा) टाकायचं, रेमिनात स्मार्ट कार्ड शेअर करायचं आणि टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरवर. एवढं करूनही दोघांनी एकाच वेळी सही करायला घेतली की एकाची अडकते, कारण सही करणारं सॉफ्टवेअर लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच मशीनचा, ठरलेला पोर्ट (जोडणीचा नंबर) धरतं आणि सर्व्हरवर तो सगळ्यांचा मिळून एकच. शेवटच्या तारखेच्या गर्दीत हे परवडत नाही. सहीसाठी एक साधा पीसी बाजूला ठेवाच.

विजेचा हिशोब नीट मांडावा. पीसीपेक्षा दर टेबलाला ५० वॅट वाचले तर आठ टेबलं, ९ तास, २५ दिवस मिळून महिन्याला ९० युनिट. पण १०० वॅटचा सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवला तर त्यातले ७२ तोच खातो. बॅकअप झाल्यावर तो बंद होईल असं शेड्यूल लावा.

व्हिडिओ कॉल सेशनमध्ये घेऊ नका. सर्व्हरचा प्रोसेसर चढतो आणि बाकी सातजणांचं टॅली अडखळतं. पेटीतल्याच ब्राउझरवर घेतला की चित्र सुरळीत.

यूपीएस सर्व्हरला असतो, नेटवर्क स्विचला लावायचा राहून जातो. तोही लावा. सर्व्हर यूपीएसवर असल्यामुळे लाइट गेली तरी सेशन त्याच्यावर जिवंत राहतं. पेटी पुन्हा चालू करून लॉगिन केलं की अर्धवट भरलेलं व्हाउचर कर्सरसकट तिथेच असतं.