हिवाळी स्वेटर की श्रावणातला क्रोशा: कोणत्या गटात नाव द्यावं?

लोकरीच्या दुकानात एकत्र जमून विणण्याच्या हंगामी गटाची पाटी लागली की ओळखीतलं कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. आमच्या दुकानात वर्षाला दोन मोठे गट भरतात. पहिला श्रावणात सुरू होतो. तो सुती दोऱ्याच्या क्रोशाचा. गोकुळाष्टमीच्या बाळकृष्णाच्या झबल्या-टोपीपासून आरंभ करायचा आणि संक्रांतीच्या वाणापर्यंत जायचं. दुसरा दसऱ्याचा. दोन सुयांवरचा स्वेटर, सगळ्यांनी एकाच संध्याकाळी टाके घालायचे आणि थंडी पडेपर्यंत अंगात चढवायचा. मी दोन्ही गटांत बसलो आहे. तुम्हाला सुयांवरचे सुलट-उलट आणि क्रोशाचे साखळी-खांब हे टाके एवढं येतं असं धरून चालतो.

पोटापाण्यासाठी मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुताचा हिशेब बघतो. त्यामुळे माझा ओढा सुताकडे असणार, हे वाचताना ध्यानात ठेवा.

आधी स्वेटरबद्दल, कारण त्याचा मान मोठा आहे. एकत्र विणण्याची खरी गंमत या गटात येते. खालची एक सुलट एक उलट पट्टी सगळ्यांची सारखीच असते, तेव्हा गप्पा रंगतात. मग पाठ चढत जाते आणि मुंढ्यापाशी सगळे थबकतात. शिकवणाऱ्या बाई प्रत्येकाच्या मापावर टाके घटवून देतात, गळ्याचा आकार कागदावर काढून दाखवतात. कापडातून माणसाच्या अंगाचा आकार कसा निघतो हे मला कारखान्यात इतकी वर्षं काढून कळलं नव्हतं, ते त्या मुंढ्यापाशी कळलं. सुयांच्या विणकामाला जो ताण असतो, ओढलं की पसरणारा आणि सोडलं की जागेवर येणारा, तो क्रोशाला नाही. कानटोपी, मोजे, अंगाबरोबरचा स्वेटर या गोष्टी सुयांवरच चांगल्या होतात. त्यात वाद नाही.

पण आपण सोलापुरात राहतो. इथे डिसेंबरात पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो आणि दुपारी ऊन लागतं. पूर्ण बाह्यांचा स्वेटर लागतो तो पहाटेच्या एसटीला, हुरड्याच्या पार्टीला शेतात लवकर पोचायचं असेल तेव्हा आणि गड्ड्याच्या यात्रेत रात्री होम मैदानावर फिरताना. संक्रांत मागे पडली की तो कपाटात जातो. गट सुरू होतो तेव्हा तर ऑक्टोबरचा उकाडा चालू असतो. ॲक्रिलिक लोकर घाम शोषत नाही. बोटं ओली झाली की धागा सुईवर अडकतो, टाका घट्ट बसतो आणि पाठीचा अर्धा भाग मांडीवर पडलेला असतो तो वेगळाच. पंखा मोठा केला की काम होतं, पण सुख नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो लॉटमुळे.

लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर शेडच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर छापलेला असतो. एका वेळी एका भांड्यात जेवढा माल रंगवला तेवढा एक लॉट. पुढच्या खेपेला रंगाचं माप तेच, पण पाणी, उष्णता, वेळ यांत थोडा जरी फरक पडला तरी छटा हलते. आमच्या कारखान्यात रंगखात्याची माणसं लाइट बॉक्समध्ये वेगवेगळ्या दिव्यांखाली तुकडे ठेवून बघतात, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात वेगळे निघू शकतात. फरक आढळला तर माल परत भांड्यात जातो. घरी विणणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्ध्या किलोच्या आसपास लोकर लागते, आडव्या अंगाचा माणूस असेल तर जास्त. आमच्या गटाची पद्धत अशी की निम्मी लोकर सुरुवातीला घ्यायची, उरलेली दुकान तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवतं. पद्धत चांगल्या हेतूची आहे. एकदम सगळे पैसे काढावे लागत नाहीत आणि उरलेले गुंडे कुणाच्या गळ्यात पडत नाहीत. पण माल बहुतेक लुधियानाहून येतो, हंगामात खेपा थोड्या असतात आणि गटातल्या निम्म्या लोकांना एकच शेड आवडते. वडिलांसाठी राखाडी स्वेटर विणायला घेतला होता. पाठ झाली, पुढा झाला, एक बाही कोपरापर्यंत आली आणि बाजूला काढलेले गुंडे नमुन्यातल्या अंदाजाला पुरून माझ्या वडिलांच्या खांद्यांना पुरले नाहीत. दुकानदार काकूंनी मनापासून शोधलं, दुसऱ्या दुकानात विचारलं. मिळाली ती शेड तीच, लॉट वेगळा. दुकानातल्या दिव्याखाली आम्ही दोघांनी जुळवून बघितलं, जुळलं. गच्चीवर उन्हात नेलं तर बाही निळसर आणि अंग राखाडी.

यावर उपाय आहेत आणि बाईंनी ते सांगितलेही. दोन्ही लॉटचे गुंडे जवळ ठेवून दोन ओळी या लॉटच्या, दोन ओळी त्या लॉटच्या असं विणलं की डोळा फसतो. पण ते आधीपासून करायला हवं, म्हणजे विणलेलं उसवणं आलं. किंवा नवा लॉट फक्त मनगटाच्या आणि गळ्याच्या पट्टीला वापरायचा, म्हणजे तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो. मी बाही उसवली, शेवटी स्वेटर बिनबाह्यांचा केला आणि वडील तो आवडीने घालतात. स्वेटर वाया गेला नाही. पण महिनाभर प्रत्येक संध्याकाळी हातातलं काम पुरं होणार की नाही याची जी धाकधूक राहिली, ती मला परत नको होती. विणायला बसावं ते मन निवावं म्हणून. उरलेल्या गुंड्याचं वजन काट्यावर बघत बसण्यात ते होत नाही.

क्रोशाच्या गटात लॉट नसतो असं नाही. सुती दोऱ्याच्याही पट्टीवर तोच नंबर असतो. पण तिथे कामच लहान लहान तुकड्यांचं. बाळकृष्णाचं झबलं एका गुंड्याच्या कोपऱ्यात होतं. गौरीपुढच्या ताटावरचा रुमाल एका गुंड्यात बसतो. दिवाळीच्या तोरणात पानं हिरवी, फुलं झेंडूच्या रंगाची, मधले गोंडे वेगळे. प्रत्येक रंग थोडाच लागतो आणि दोन केशरी फुलांत छटेचा फरक पडला तर ते उलट जिवंत दिसतं. वाणाच्या वस्तू, म्हणजे कपाखालच्या चकत्या, मोबाइलचे बटवे, किल्ल्यांचे गोंडे, या तर घरोघर वाटल्या जातात. एकीची चकती दुसरीच्या चकतीशेजारी उन्हात धरून कोण बघणार?

तिथे मुदतही दमाने घेता येते, आणि हे मला नंतर उमगलं. स्वेटरची मुदत थंडी ठरवते आणि ती कधी येईल, किती टिकेल, कुणाच्या हातात नाही. क्रोशाच्या गटाच्या मुदती सण ठरवतात. अष्टमी चुकली तर झबलं पुढच्या वर्षी चालतं आणि गणपतीचं आसन सुरू करता येतं. तोरण दिवाळीला राहून गेलं तर पाडव्याला लागतं, तो नाही तर गुढीचा पाडवा आहेच. वाण संक्रांतीला पुरं झालं नाही तरी हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. अर्धवट राहिलेलं काम या गटात क्वचितच कुणाच्या पिशवीत पडून असतं.

आणखी एक गोष्ट घरात विणणाऱ्यांना पटेल. सुयांवर अख्खी ओळ जिवंत असते. मधेच कुकरची शिट्टी झाली, दारावर कुणी आलं, सुई घाईत ठेवली की टोकाचे टाके निसटतात आणि खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत. तो थोडा मोठा ओढून ठेवला, सुई काढली की निवांत उठता येतं. माझ्या घरात सलग अर्धा तास कुणी बसू देत नाही, तेव्हा हा फरक लहान नाही.

क्रोशाच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. सूत जड असतं. कापसाची घनता दीडच्या आसपास, ॲक्रिलिकची 1.17. त्यामुळे तेवढ्याच जाडीचा सुती झगा अंगावर लोंबतो, खाली ओढला जातो. या गटात अंगावरचे मोठे कपडे बाई करूच देत नाहीत आणि ते बरोबर आहे. सूत ताणत नाही, म्हणून घट्ट हाताच्या माणसाचं मनगट दुखतं. पहिल्या आठवड्यात अर्धा नंबर मोठी सुई घेऊन बघा. तुकडे जास्त म्हणजे दोऱ्याची टोकंही जास्त. ती सुईने आत लपवण्याचा मला अजून कंटाळा येतो आणि त्यावर उपाय सापडलेला नाही.

सोलापुरात बरेच जण विचारतात की कारखान्यातलं उरलेलं सूत कोनवर स्वस्त मिळतं, ते क्रोशाला चालेल का? चालतं, पण बघून घ्या. चादरीचं किंवा टॉवेलचं सूत बारीक असतं, त्याचे पाच-सहा पदर एकत्र घ्यावे लागतात आणि सुई एखादा पदर सोडून देते. ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते, ते बोटाला टोचतं, आधी गरम पाण्यात धुऊन काढा. रंगीत कोन असेल तर पांढऱ्या फडक्यात ओला करून पिळा, रंग पक्का आहे की नाही ते लगेच कळतं. मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चकचकीत केलेल्या दोऱ्याची चमक त्याला येणार नाही. मी वाणाच्या चकत्यांना हेच सूत वापरतो, पण तोरणाला दुकानातलाच दोरा घेतो.

एक गोष्ट या शहराच्या माणसाला सांगावीशी वाटते. सुयांवरचं विणकाम यंत्रावर फार पूर्वी गेलं. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचा साचा 1589 मध्ये केला. आज बाजारात मिळणारा स्वेटर बहुतेक यंत्राचाच असतो आणि तो आपल्यापेक्षा सफाईदार असतो. खरा क्रोशा मात्र अजून हातानेच होतो. यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी लेस निघते, पण तिची वीण वेगळी असते. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकापासून बाया घरी बसून क्रोशाची लेस करतात, त्या कामावर आजही घरं चालतात. 1877 मध्ये जुनी मिल ही कापडगिरणी निघाली तेव्हापासून सोलापूर भोंग्यावर उठलं, मागावर जगलं. दिवसभर मागाच्या खडखडाटात काढून संध्याकाळी, यंत्राला अजून न जमलेलं काम हातात घ्यायला मला मनापासून आवडतं.

जूनमधल्या दुसऱ्या शनिवारच्या बैठकीबद्दलही विचारणा होते. चारचौघांत बसून विणण्याचा हा दिवस 2005 पासून जगभर पाळतात. आमचं दुकान त्या दिवशी बागेत सतरंजी टाकतं. पहिला पाऊस झालेला असला तर हवा छान असते. ही बैठक दोन्ही गटांना खुली आहे, नाव द्यावं लागत नाही. निवड करायच्या आधी तिथे जाऊन दोन्हीकडच्या लोकांशेजारी थोडा वेळ बसा.

घरात बाळ येणार असेल तर मात्र मी स्वतः दसऱ्याच्या गटात जा म्हणेन. बाळंतविड्याचा स्वेटर, टोपरं, मोजे यांना मऊ लोकरच हवी, ताणही हवा, आणि सगळं मिळून दीडदोनशे ग्रॅममध्ये भागतं, म्हणजे लॉटचा प्रश्नच येत नाही. मुलगा किंवा मुलगी उत्तरेत कुठे नोकरीला असेल, तरीही स्वेटरचं सार्थक होईल. ज्यांचा हात आधीच सुयांवर बसलेला आहे आणि ज्यांना आकार काढायला शिकायचं आहे, त्यांनाही त्या बाईंसारखं शिकवणारं माणूस सहज मिळायचं नाही. बाकी कुणी पहिल्यांदाच हंगामी गटात नाव देणार असेल, घरात सारखी ये-जा असेल, हाताला उन्हाचा घाम येत असेल, तर मी श्रावणाची वाट बघायला सांगेन. माझं नाव यंदाही तिथेच आहे.

आणि दसऱ्याच्याच गटात जायचं ठरलं, तर पहिल्या संध्याकाळी टाके घालण्याआधी काउंटरवर दोन गोष्टी करून घ्या. सगळे गुंडे एकाच लॉटचे, आणि अंदाजापेक्षा दोन जास्त, एकदमच उचला. पट्टी न फाडलेला गुंडा हंगाम संपेपर्यंत परत घ्याल का, हे काकूंना विचारून बिलाच्या मागे लिहून घ्या. त्या नाही म्हणत नाहीत, पण जानेवारीत गर्दीच्या वेळी ते आठवत नाही. त्या बिलाबरोबर एका गुंड्याची पट्टी जपून ठेवा, कारण शेवटचा गुंडा सुरू होईपर्यंत पहिल्याची पट्टी घरात कधीच सापडत नाही.